बाईंचा सकाळचा फोन

बायकोला परक्या माणसाबरोबर खळखळून हसताना पाहिलं आणि चष्मेवाल्यांच्या पोटात दुखायला लागलं. हे झालं हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, हार्ट फेल्युअर क्लिनिकबाहेरच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये. थकलेल्या हृदयाच्या पेशंटना तिथे दोघादोघांच्या जोडीनं चालवायचे. या टोकाच्या केशरी शंकूपासून त्या टोकाच्या शंकूपर्यंत जायचं, दम लागला की थांबायचं, भिंतीला हात टेकायचा, पुन्हा निघायचं. चष्मेवाले बाकावर बसले होते. मांडीवर बायकोची पर्स, काखेत तिची शाल, हातात तिची बाटली. लग्नघरात सामानापाशी बसवलेल्या दूरच्या पाहुण्यासारखे.

आणि बायको चालत होती एका उंच, टक्कल पडलेल्या, ढगळ शर्टातल्या माणसाबरोबर. त्यांचा सगळा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला, म्हणून क्लिनिकमध्ये सगळे त्यांना लिफ्टमास्तर म्हणत. परतीच्या फेरीत ते धापा टाकत भिंतीला टेकले आणि म्हणाले, "बाई, ओव्हरलोड झालाय. एकानं उतरा, नाहीतर दार बंद व्हायचं नाही."

यात हसण्यासारखं काय होतं ते चष्मेवाल्यांना आजतागायत कळलेलं नाही. पण बाई हसल्या. इतक्या हसल्या की त्यांनाही भिंत धरावी लागली आणि सिस्टर आतून ओरडली, "मावशी, हसायचं असेल तर बसून हसा."

वर्षभरात चष्मेवाल्यांनी ते हसू ऐकलं नव्हतं. आपल्या घरातली हरवलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात दिसावी तसं त्यांना झालं.

बाई म्हणजे सगळ्या गल्लीच्या बाई. शाळेत गणित शिकवायच्या. त्यांच्या हाताखालून गेलेले, आता केस पिकलेले लोकसुद्धा रस्त्यात त्यांना बघून शर्टाची बटणं लावायचे. चष्मेवाल्यांचं दुकान खाली आणि घर वर. आधी बाई तो जिना बोलत बोलत चढायच्या, मग मुकाट्यानं चढायला लागल्या, मग मध्येच पायरीवर बसायला लागल्या. पायांवर सूज आली. रात्री आडवं झालं की खोकला. "वयच झालं आता," असं दोघं एकमेकांना सांगत राहिले. मग एका सकाळी बाईंना वाक्य पुरं करता येईना. त्या "अहो, तो" एवढंच म्हणाल्या आणि थांबल्या. बाईंचं वाक्य अर्धवट राहिलेलं चष्मेवाल्यांनी लग्नानंतर कधी ऐकलंच नव्हतं.

हॉस्पिटलात हृदयाचा इको काढला. डॉक्टरांनी सांगितलं, हार्ट फेल्युअर आहे. बाई तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणाल्या, "जन्मभर पोरांना नापास केलं. आता माझंच हृदय नापास."

तेव्हा या क्लिनिकच्या सिस्टरनं दोघांना समोर बसवून नीट समजावलं. हृदय बंद पडलेलं नाही, त्याचा जोर कमी झालाय. त्यामुळे अंगात पाणी साठतं, पायात उतरतं, फुप्फुसात चढतं. गोळ्या चुकवायच्या नाहीत. मीठ जवळजवळ बंद. पाणी मोजून प्यायचं. आणि रोज सकाळी वजन करायचं, कारण पाणी साठायला लागलं की आधी काट्यावर दिसतं, मग अंगावर. दोन दिवसांत दोन किलो वाढलं तर कशाचीही वाट न बघता क्लिनिकला फोन.

चष्मेवाल्यांनी कंबर कसली. काचेचा नंबर पाव इकडचा पाव तिकडे होऊ न देणारा माणूस, तो बायकोच्या पाण्यात थेंबाचा घोळ कसा होऊ देईल? स्वयंपाक त्यांनी हातात घेतला. लिंबू, आलं, मिरी घालून बिनमिठाचं पुढे ठेवलं, आणि बायकोला एकटीला अळणी खायला लागू नये म्हणून स्वतःही मीठ सोडलं. गोळ्या डबीत लावल्या. पलंगाच्या डोक्याशी उशांची उतरंड रचली. बाई बऱ्या झाल्या, पायांची सूज ओसरली, जिना चढू लागल्या. पण गप्प झाल्या. चष्मेवाल्यांनी मनाची समजूत घातली, आजारपणानं माणूस गप्प होतंच.

आणि मग तो माणूस क्लिनिकमध्ये उगवला.

कॉरिडॉरमधल्या त्या दिवसापासून रोज सकाळी फोन सुरू झाला. बाईंनी काट्यावरून पाय खाली ठेवला की वाजलाच समजा. लिफ्टमास्तर विचारायचे, "बाई, आज कितवा मजला?" आणि बाई सांगायच्या, "कालच्याच मजल्यावर आहे," नाहीतर, "अर्धा मजला वर. तुमची लिफ्ट?" पलीकडून काहीतरी उत्तर यायचं आणि बाई हसायच्या. मग पाय, गोळ्या, रात्रीची झोप, डाव्या कुशीवर झोपलं की काय होतं, उजव्या कुशीवर काय होतं. एवढं तर नवी नवरी माहेरी बोलत नाही.

चष्मेवाले स्वयंपाकघरात उभे राहून अळणी भाजी ढवळत ऐकायचे. फोन ठेवल्यावर ते बाहेर येऊन सहज विचारल्यासारखं विचारायचे, "किती भरलं आज?"

"तेवढंच," बाई म्हणायच्या.

तेवढंच. जो माणूस तिच्यासाठी मीठ विसरला त्याच्या वाट्याला एक शब्द, आणि जो नुसता फोन फिरवतो त्याला आख्खं पुराण. चष्मेवाल्यांना डोळ्यांत खुपणाऱ्या काचा नीट करता यायच्या, पण हे जे खुपत होतं त्याला कुठला नंबर लावावा ते सुचेना. दुकानात त्यांचं लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाला त्यांनी भलत्याच माणसाचा चष्मा दिला. त्यानं तो घालून रस्त्यावर दोन पावलं टाकली आणि आधाराला दार धरलं.

एके दिवशी दुकानात कुणी नाही असं बघून त्यांनी पँट वर केली आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. पाणी असलं की खळगा पडतो, असं सिस्टरनं दाखवलं होतं. त्यांनी अंगठा उचलला. खळगा पडला नाही. त्यांनी दुसरा पाय बघितला. तोही धडधाकट. पुढच्या वेळी क्लिनिकमध्ये त्यांनी सिस्टरला म्हटलं, "मलाही हल्ली जिना चढताना जरा होतं हो." सिस्टरनं बिचारीनं नाडी बघितली, ब्लडप्रेशर घेतलं, पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि म्हणाली, "ठणठणीत आहात काका."

चष्मेवाल्यांचा चेहरा पडला. अशी बातमी ऐकून तोंड पाडणारा माणूस तिनं पहिल्यांदाच बघितला असेल.

शेवटी एका दुपारी जेवताना त्यांच्या तोंडून गेलंच. "एवढं काय बोलायचं असतं गं त्या माणसाशी?"

बाईंनी घास खाली ठेवला. "त्यांना समजावून सांगावं लागत नाही," त्या म्हणाल्या. "रात्री छातीवर कुणीतरी उशी दाबून धरल्यासारखं होतं. हे तुम्हाला सांगितलं की तुमचा चेहरा असा होतो की मला बघवत नाही. मग माझं दुखणं राहतं बाजूला, मी तुमचीच समजूत काढत बसते. त्यांना सांगितलं तर ते म्हणतात, तुमच्यावर उशी का, माझ्यावर तर गादी असते. आणि संपतं तिथंच."

"पण करतो तर मी ना सगळं?"

"करताच की. मी कुठं नाही म्हणते?"

चष्मेवाल्यांनी ताट उचललं आणि नळाखाली उगाच जोरजोरात घासलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी फोन वाजला तेव्हा बाई अंघोळीला गेल्या होत्या. चष्मेवाल्यांनी घेतला.

"बाई?" पलीकडून आवाज आला. "मी बोलतोय," चष्मेवाले म्हणाले. मग लांब श्वास. मग, "अच्छा, तुम्ही का. बरं झालं. बाईंना सांगू नका, पण काटा चढतोय. आज तर चांगलाच चढला."

"गोळी घेतली का?" चष्मेवाल्यांनी सवयीनं विचारलं.

"एका जुन्या गिऱ्हाइकाच्या लिफ्टवर गेलो होतो. पाण्याची गोळी घेतली की सारखं बाथरूमला जावं लागतं. तिथे वर कुठलं बाथरूम? म्हणून नाही घेतली. आणि जेवण बाहेरचं, खारट." पुन्हा श्वास. "आज घेतलीये. होईल ठीक. बाईंना म्हणावं, मास्तर चार दिवस बाहेरगावी गेलेत. त्यांना कळलं तर जिवाला लावून घेतील."

"क्लिनिकला फोन करा," चष्मेवाले म्हणाले.

"करतो, करतो."

हा करणार नाही, हे चष्मेवाल्यांना आवाजावरूनच कळलं. बाई केस पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कुणाचा होता?" चष्मेवाल्यांनी फोन जागेवर ठेवला. मग म्हणाले, "लिफ्टमास्तरांचा. बाहेरगावी जातायत म्हणे. चार दिवस फोन नाही करणार."

खोटं त्यांचं नव्हतं, त्यांनी नुसतं पोचवलं होतं. असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पण भाजी चिरताना आपण काहीतरी गुणगुणतोय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते गप्प झाले.

दुसऱ्या सकाळी फोन वाजला नाही. बाई काट्यावरून उतरल्या, तशाच उभ्या राहिल्या, मग खुर्चीत बसल्या. चष्मेवाले हात पुसत बाहेर आले. कितीतरी दिवस मनात घोळवलेलं त्यांनी धीर करून म्हटलं, "काय, आज कितवा मजला?"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. रागानं नाही. वर्गात चुकीच्या बाकावर येऊन बसलेल्या पोराकडे बघावं तसं. आणि वजन किलोत सांगितलं.

चष्मेवाले खाली दुकानात गेले ते पाय आपटतच. काच घासायच्या चाकापाशी बसले. अंगात पाणी चढत असेल आता त्याच्या, त्यांच्या मनात आलं. आणि त्याच्या मागोमाग, दार न वाजवता, दुसरा विचार आत आला. गेला तर सुटलो.

त्यांनी चाक बंद केलं. हातातली काच खाली ठेवली. दोन दिवसांत दोन किलो, हा नियम त्यांना पाठ होता. बाईंच्या बाबतीत दोन दिवस काय, दोन तास ते थांबले नसते. मग उठले, शटर ओढलं आणि भरउन्हात रस्त्याला लागले. पत्ता त्यांना माहीत होता. मत्सरी माणसाला माहीत नसतो असा पत्ता नसतो.

लिफ्टमास्तर चौथ्या मजल्यावर एकटे राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. इमारत जुनाट, पण लिफ्ट अशी अलगद वर गेली की निघाली कधी ते कळलंच नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. आत मास्तर खुर्चीत बसले होते, पुढे झुकून, दोन्ही हात टेबलावर रोवून. टेबलावर खाऱ्या बिस्किटांचा पुडा. रात्रभर ते खुर्चीतच बसून होते हे दिसत होतं, कारण अंथरुणाची घडी मोडली नव्हती.

"तुम्ही?" ते म्हणाले. पुढचे शब्द एकेक करून आले. "बाई. ठीक. आहेत ना?"

चष्मेवाल्यांना त्या प्रश्नाचा राग आला. मरायला टेकलाय आणि विचारतोय कुणाचं. ते खाली बसले, मास्तरांची विजार वर केली आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला, मऊ मेणात राहावा तसा. चष्मेवाल्यांना स्वतःच्या पायावर जो हवा होता तो हाच खळगा. त्यांनी त्यावरून घाईघाईनं विजार ओढली आणि क्लिनिकला फोन लावला.

सिस्टर एवढंच म्हणाली, "आत्ताच्या आत्ता आणा. आडवं करू नका, बसवूनच आणा. त्रास वाढला तर लगेच ॲम्ब्युलन्स."

कमरेला विळखा घालून चष्मेवाल्यांनी त्यांना लिफ्टपर्यंत नेलं. माणूस उंच, त्यात अंगात पाणी भरलेलं. खाली जाताना मास्तर त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून कसाबसा श्वास घेत होते. टॅक्सीत बसल्यावर ते म्हणाले, "मी तुम्हाला आवडत नाही. माहितीये मला."

"नाही आवडत," चष्मेवाले म्हणाले. "बोलू नका, दम लागेल."

क्लिनिकच्या मागच्या खोलीत त्यांना टेकवून बसवलं, ऑक्सिजन लावला, शिरेतून पाणी उतरवायचं इंजेक्शन सुरू केलं. सिस्टरचे हात चालत होते आणि तोंडही. "गोळी चुकवायची नाही हे किती वेळा सांगितलं? बाथरूमची अडचण होती तर मला विचारायचं. वेळ पुढेमागे करून दिली असती की नाही?" मास्तर मास्कमागून माना डोलावत होते. डॉक्टर आले, छाती तपासली, आणि थोडे दिवस ठेवून घ्यावं लागेल म्हणाले. मग सिस्टर चष्मेवाल्यांकडे वळली. "उद्यापर्यंत थांबला असतात तर अवघड होतं, काका. देवासारखे धावलात."

चष्मेवाल्यांनी मान खाली घातली. कौतुक इतकं कडू त्यांना कधी लागलं नव्हतं.

घरी जाऊन त्यांनी बाईंना सगळं सांगितलं. काल फोनवर काय बोलणं झालं, आपण काय निरोप दिला, सगळं.

बाईंनी ऐकून घेतलं. "काल तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"नियम ठाऊक होता?"

"हो."

बाई उठल्या, चपला घातल्या, शाल घेतली. चष्मेवाले पर्स घ्यायला पुढे झाले तेव्हा त्यांनी ती आपल्या हातात घेतली. हॉस्पिटलात जाऊन त्यांनी मास्तरांना असं झाडलं म्हणे की शेजारच्या खाटेवरच्या पेशंटनं आपल्या गोळ्या मुकाट्यानं गिळून टाकल्या. घरी आल्यावर मात्र एक अक्षर नाही. दोन्ही वेळा ताटावर बसल्या, जेवल्या, उठल्या. भांडण झालं असतं तर चष्मेवाल्यांना परवडलं असतं.

मास्तर वॉर्डात होते तोवर चष्मेवाले रोज त्यांना डबा पोचवत राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. हॉस्पिटलातही अळणीच जेवण मिळायचं, पण मास्तरांनी पहिल्या दिवशी डब्यातली लिंबू-मिरीची भाजी खाल्ली आणि म्हणाले, "हे बाई रोज खातात?" चष्मेवाले हो म्हणाले. मास्तरांनी डबा बोटानं पुसून खाल्ला आणि मग बराच वेळ खिडकीकडे तोंड करून बसले. त्या पाठीकडे बघताना चष्मेवाल्यांच्या लक्षात आलं की पोट फक्त आपलंच दुखत नाही, मास्तरांचंही दुखतं. हे कळून चष्मेवाल्यांना बरं वाटायला हवं होतं. थोडंसं वाटलंही, पण फार नाही.

मास्तर घरी आले ते वाळून, सावकाश बोलणारे होऊन. औषधं बदलली होती. हृदयाचे ठोके सांभाळायला छातीत एक यंत्र बसवावं लागेल का, त्याच्या तपासण्या चालू होत्या. डबा चालूच राहिला. सकाळचा फोनही पुन्हा सुरू झाला.

त्यानंतरच्या एका दुपारी बाई शाल आणि पर्स घेऊन एकेक पायरी करत खाली दुकानात आल्या आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या. आजारपणानंतर त्या दुकानात पहिल्यांदाच येत होत्या. चष्मेवाल्यांनी चाक थांबवलं.

"तुम्ही त्या दिवशी दुकान बंद करून का गेलात?" बाईंनी विचारलं. "मला खरं सांगा. आदल्या दिवशी नाही गेलात, मग त्या दिवशी का?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की त्यांना समोरचं धूसर दिसायचं, आणि तेच बरं होतं. "माझ्या मनात आलं, गेला तर सुटलो. ते आलं म्हणून गेलो."

बाईंनी शाल मांडीवर घेतली. रस्त्यावरून हातगाडी खडखडत गेली. आता ही उठून वर जाईल आणि पुन्हा कधी बोलणार नाही, असं चष्मेवाल्यांना वाटलं.

"मलाही येतं," बाई म्हणाल्या.

"काय?"

"असलं काहीतरी मनात. तुमच्याबद्दल." त्या हातातल्या शालीची घडी घालत होत्या, मोडत होत्या. "रात्री मी उशांना टेकून बसलेली असते. तुम्ही शेजारी आडवे पडता आणि लगेच घोरायला लागता. सरळ, पाठीवर, पाय पसरून. मी बघत बसते. एवढा राग येतो ना. वाटतं, याला काय अधिकार असा झोपायचा. दिवसभर माझ्यासाठी मर मर मरता हे मला दिसतं, म्हणून तो राग कुणाला सांगताही येत नाही. एकदा तर वाटलं, यालाही व्हावं. एक रात्र तरी व्हावं."

चष्मेवाल्यांनी चष्मा पुन्हा लावला. बायकोचा चेहरा स्पष्ट झाला. डोळे ओले नव्हते, पण थकलेले होते. आपला चेहरा आता कसा दिसतोय याची त्यांना धास्ती वाटली. तो जागच्या जागी ठेवायचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला.

"हे मास्तरांना सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही. त्यांच्या शेजारी कोण घोरणार? त्यांना कसं कळेल?"

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, जगात एकट्या चष्मेवाल्यांनाच सांगता येण्यासारखी गोष्ट बाईंनी त्यांना सांगितली होती. ती अशी होती. तरी त्यांनी ती घेतली.

"मीही बसून झोपत जाईन," ते म्हणाले. "उशा आहेत आपल्याकडे."

"काही नको," बाई म्हणाल्या. "घरात एक तरी माणूस आडवं झोपू दे." त्या उठल्या, जिन्याशी गेल्या आणि वर बघून थांबल्या. चष्मेवाले पुढे झाले. या वेळी बाईंनी पर्स त्यांच्याकडे दिली, त्यांचा हात धरला, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.